रुग्णाचे साधन आणि खजिन्याची काटकसर

वैद्याने औषध सांगावे आणि रुग्णाने ते निमूटपणे घ्यावे, एवढ्याने मधुमेहाचा उपचार पुरा होत नाही. इन्सुलिन घेणारा मनुष्य सकाळी बोटाच्या कडेला सुई टोचतो, आलेला थेंब ग्लुकोमीटरात खोवलेल्या पट्टीच्या टोकाला लावतो, आणि काही सेकंदांत पडद्यावर जो आकडा येईल त्याच्या भरवशावर किती युनिट टोचून घ्यावयाचे, आधी खावयाचे की थांबावयाचे, याचा निर्णय स्वतः करतो. कडक नियंत्रणाने डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांची हानी टळते वा लांबते, हे ज्या अमेरिकी संशोधनाने १९९३ साली सिद्ध केले, त्यातील कडक उपचारही दिवसातून निदान चार वेळा केलेल्या अशाच तपासणीवर उभा होता. या विकारात रुग्ण हा स्वतःचा अर्धा वैद्य असतो. आणि म्हणूनच त्याच्या हातातील साधन त्याला न विचारता बदलणे हा उपचारातच केलेला हस्तक्षेप होय, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील वृद्धांच्या व अपंगांच्या आरोग्याचा खर्च वाहणाऱ्या मेडिकेअर या सरकारी योजनेचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. २००३ च्या कायद्याने वैद्यकीय साधनांचा पुरवठा निविदा मागवून मक्त्याने देण्याची तरतूद केली. जानेवारी २०११ मध्ये नऊ विभागांत तिचा अंमल सुरू झाला, आणि १ जुलै २०१३ पासून टपालाने येणाऱ्या पट्ट्यांचा मक्ता देशभर लागू होऊन त्यांचा दर सुमारे ७२ टक्क्यांनी उतरला. पन्नास पट्ट्यांना जेमतेम दहा डॉलर मिळू लागले. पूर्वीचे दर अवाजवी होते आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असला पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु एवढ्या दरात महागड्या पट्ट्या पुरविणे मक्तेदाराला परवडेना, आणि वर्षानुवर्षे एकच मीटर वापरणाऱ्या रुग्णांपुढे निराळ्याच पट्ट्या व निराळेच मीटर येऊ लागले. एका मीटरची पट्टी दुसऱ्यात चालत नाही. म्हणजे पट्टी बदलली की मीटर बदलले, त्यात साठलेल्या नोंदी गेल्या आणि हाताला जडलेली सवयही मोडली. संधिवाताने बोटे आखडलेल्या वृद्धाला डबीतून बारीक पट्टी उचलून इवल्याशा फटीत बसविणे हेच मोठे काम असते. दृष्टी मंदावलेल्याने आकडा मोठ्याने बोलून दाखविणारे मीटर शोधून घेतलेले असते. कोणाचे मीटर थेट इन्सुलिन पंपाशी जोडलेले असते. जमाखर्चाच्या वहीत या सर्व पट्ट्या एकाच बाबीखाली येतात, वैद्यकात मात्र त्या एक नसतात. उदरावाटे डायलिसिस करून घेणाऱ्या काही रुग्णांच्या द्रावणामुळे रक्तात येणारी माल्टोज शर्करा एका विशिष्ट रासायनिक पद्धतीच्या पट्ट्यांना ग्लुकोज वाटते; खोट्या चढ्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन दिले जाते आणि खरी शर्करा घातक पातळीपर्यंत उतरते. अशा पट्ट्यांशी निगडित तेरा मृत्यूंची नोंद देऊन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

कायदा करणाऱ्यांना हा धोका दिसलाच नव्हता, असे नाही. बाजारात खपणाऱ्या पट्ट्यांपैकी निदान निम्म्या प्रमाणात ज्यांचा खप आहे ते प्रकार मक्तेदाराने पुरवावेत, अशी अट २००८ मध्येच घातली होती. रुग्णाला प्रकार बदलण्यास प्रवृत्त करू नये, असाही नियम होता. तथापि निविदेच्या वेळी यादीत दाखविलेला माल प्रत्यक्षात पाठविला जातो की नाही, यावर पुरेशी देखरेख राहिली नाही. २०१६ मध्ये ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाला त्या नऊ विभागांत पट्ट्यांचा पुरवठा तुटलेल्या इन्सुलिनधारकांची संख्या वाढलेली आढळली, आणि अशा रुग्णांत रुग्णालयात दाखल होण्याचे व मृत्यूचे प्रमाणही अधिक दिसले. कार्यकारणसंबंधाविषयी वाद होऊ शकतो व झालाही. परंतु रुग्णाच्या स्वतःच्या मीटरला जुळणारीच पट्टी द्यावी आणि त्याचे हक्क त्याला तोंडी समजावून सांगावेत, असे २०१८ मध्ये पुन्हा कायद्याने बजावावे लागले, यावरून पहिली अट कागदावरच राहिली होती हे उघड होते. ज्याचा नफा बदलण्यात आहे त्याच्याच हाती न बदलण्याचे राखण सोपविले, की याहून निराळे काय व्हावयाचे?

काटकसर करावी, पण तिची रीत ठरलेली असावी. बदल करण्यापूर्वी रुग्णाला विचारावे. डॉक्टरने कारण नमूद करून विशिष्ट पट्टी लिहिली असल्यास ती बंधनकारक मानावी. नवे मीटर शिकविण्याचा आणि जुन्याशी त्याचे आकडे ताडून पाहण्याचा खर्च बचतीतून आधी वजा करावा. नव्या साधनाला कंटाळून रुग्णाने तपासणीच सोडली, तर वाचलेले चार डॉलर रुग्णालयाच्या बिलात कैक पटींनी फेडावे लागतात. आपल्याकडे बहुतेक रुग्ण पट्ट्या स्वतःच्या पैशाने घेतात, त्यामुळे निवड आज त्यांच्या ऐपतीवर ठरते. उद्या सरकारने हा भार उचलावा, अशी मागणी न्याय्यच आहे. ती मान्य होईल तेव्हा खरेदीच्या करारात दराच्या कलमाइतकेच ठळक कलम रुग्णाच्या संमतीचे असावे, आणि त्याच्या अंमलाची जबाबदारी पुरवठादारावर न टाकता सरकारने स्वतःकडे ठेवावी.