मुंगीचे इमान

उद्योगाचे प्रशस्तिपत्र आपण मुंगीला फार पूर्वीच देऊन टाकले आहे. इमानाचे मात्र कुत्र्यासाठी राखून ठेवले. थॉमस बेल्ट या इंग्रज खाण-इंजिनिअरने १८७४ साली आपल्या पुस्तकात तेही मुंगीला मिळवून दिले. निकाराग्वाच्या रानात त्याने बाभळीच्या भावकीतले एक झाड पाहिले. काटे बैलाच्या शिंगांसारखे, आतून पोकळ. त्या पोकळीत मुंग्यांचे बिऱ्हाड. देठांवर गोड रस, पानांच्या टोकांना खाऊचे पिवळे कण. या पाहुणचाराच्या बदल्यात मुंग्या झाडाला तोंड लावणाऱ्यावर तुटून पडत. डॅनियल जॅन्झेनने १९६६ साली प्रयोगांनी दाखवून दिले की, मुंग्या काढून टाकल्या तर किडे त्या झाडाची दैना करतात.

दिवाळीच्या फराळाबरोबर मुलांना सांगावी अशी ही गोष्ट. पण आमच्या पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षमळ्यातली मुंगी ती तिथेच संपू देत नाही. इथे पिठ्या ढेकूण वेलीचा रस शोषतो आणि अंगावाटे गोड चिकटा टाकतो. त्या गोडीपायी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या भुंगेऱ्यांना हुसकून लावतात. चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि घड हातचा जातो. मुंगीची जात निराळी, पण हिंमत तीच, इमानही तेच. तिकडे झाड तगले, इकडे वेल नासली.

मग इमान हा सद्गुण म्हणावा काय? ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण वर्गात शिकवताना मला हा मळा आठवतो. गावाची धान्यकोठी रात्रभर राखणारा राखणदार इमानी. आणि सावकाराच्या खोट्या वह्या चोख लिहिणारा कारकूनही इमानीच!

मुंगीला दोष देण्यात अर्थ नाही. त्या बाभळीच्या रसात असे एक द्रव्य असते की, तो चाखलेल्या मुंगीला बाहेरची साधी साखर पचेनाशी होते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. झाड सोडून जायची तिला सोयच उरत नाही. संसाराचे ओझे वाहणाऱ्या कारकुनाची अवस्था पुष्कळदा याहून वेगळी नसते, हेही खरे.

तरीही एक फरक उरतो. आपण कोणाची राखण करतो आहोत, हे मुंगी विचारू शकत नाही. माणूस विचारू शकतो. खाल्ल्या मिठाला जरूर जागावे. पण ते मीठ कोणाचा रस शोषून आपल्या पानात आले, हे जेवणाऱ्याने एकदा पाहावे. पाहून जो पानावरून उठेल, त्याला जग बेइमान म्हणेल. मी त्याला माणूस म्हणेन.