अर्ध्या प्रहराचा गणाचार



पंचाचारांपैकी लिंगाचार ज्याचा त्याने पाळावयाचा असतो. गणाचार मात्र सर्वांनी मिळून. लिंगाचार चुकला तर एकाची पूजा चुकते, गणाचार सुटला तर समाजाची घडी विस्कटते. आजच्या काळात या गणाचाराचा अर्थ कसा लावावा, हे एका गावाच्या आचरणातून समजून घेण्यासारखे आहे.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या आणि अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाईल आला. शाळा पुन्हा उघडल्या, तरी तो हातातून सुटेना. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला तेव्हा पुरुषमंडळींनी तो हसण्यावारी नेला. मग १४ ऑगस्ट २०२२ रोजी महिलांची सभा भरली. मालिकांचे व मोबाईलचे वेड आपल्यालाही लागले आहे, हे त्या माउलींनी मोकळेपणाने मान्य केले. भोंगा घेण्याचे ठरले. सायंकाळी ७ वाजता देवळावरून तो वाजला की ८.३० पर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद, असा नेम गावाने घालून घेतला. नेम रुजावा म्हणून आशा सेविका व निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

दीड तास म्हणजे अवघा अर्धा प्रहर. पण त्यातील मर्म पाहा. एकट्याने मोबाईल बाजूस ठेवला तर तो एकटाच पडतो, कारण बोलावे कोणाशी? सर्वांनी ठेवला तर ओट्यावर माणूस भेटतो. एकाचा संयम हे व्रत. सर्वांचा संयम हा गणाचार. बाराव्या शतकात कल्याणच्या अनुभवमंटपात शरण समोरासमोर बसले, म्हणूनच वचने जन्मास आली. वचनाला वक्ता हवा, तसा श्रोताही हवा.

यंत्र वाईट नव्हे. दूरच्या लेकराची खुशाली आणि कापसाचा भाव त्यातूनच कळतो. शिवशरणांनी संसार टाकावयास सांगितले नाही, संसारात राहून सावध असावे एवढेच सांगितले. मात्र स्वतःच्या हाती मोबाईल धरून मुलाला 'अभ्यास कर' म्हणणारा पिता आचाराविना उपदेश करतो. तो उपदेश मुलाच्या अंतःकरणापर्यंत पोहोचत नाही.

आपल्या आदिलाबाद परिसरात तर ही गोष्ट अधिक जिव्हाळ्याची आहे. येथे मुले शाळेत तेलुगू वा इंग्रजी शिकतात. मराठी टिकते ती घरातील बोलण्यावर. श्रीमन्मथस्वामींचे अभंग आजीच्या तोंडून ऐकले, तरच नातवाच्या ओठी येतील. पडदा उजळलेला असताना आजी गप्प बसते. तिने गप्प बसावे आणि आपण समाजाच्या भवितव्याची चिंता करावी, हे कसे जुळावे?

म्हणून प्रत्येक गल्लीतील चार घरांनी एकत्र बसून आपली वेळ ठरवावी. आधी वडीलधाऱ्यांनी मोबाईल ठेवावा, मग मुलांना सांगावे. सायंपूजा आटोपल्यावर इष्टलिंग धरलेल्या त्याच करतळावर लगेच दुसरे काही येऊ नये; तो हात घटकाभर लेकराच्या पाठीवर फिरावा.

शिवार्पणमस्तु.