गर्भीचा अवतार आणि गर्भिणीचे रक्षण

परमेश्वराने जीवोद्धरणार्थ जे अवतार धारण केले, त्यांच्या देहधारणेचे तीन प्रकार महानुभाव शास्त्राने सांगितले आहेत. मातेच्या उदरी येऊन जन्म घेणे तो गर्भीचा. जीवाने टाकलेला देह स्वीकारणे तो पतिताचा. आणि देहातील जीवास दूर सारून तो देह धारण करणे तो दवडण्याचा. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी भडोच येथे हरिपाळदेवाचा निष्प्राण देह स्वीकारला, ही कथा सर्वश्रुत आहे. पतिताचा आणि दवडण्याचा प्रकार अलौकिक असल्यामुळे त्यांविषयी प्रश्न विचारले जातात, चर्चा होते. गर्भीचा प्रकार मात्र नित्याच्या व्यवहारातला वाटतो आणि अभ्यासकही त्यावरून पुढे सरकतो. वस्तुतः थांबण्याची जागा तीच आहे. ज्यास अन्य दोन मार्ग मोकळे होते, त्याने मातेच्या उदराचा मार्गही त्याज्य मानला नाही. श्रीकृष्ण चक्रवर्ती देवकीच्या उदरी आले. फलटणास जनकाइसेच्या पोटी श्रीचक्रपाणी प्रभूंचा आणि ऋद्धिपूर परिसरात नेमाइसेच्या पोटी श्रीगोविंदप्रभूंचा जन्म झाला. जे स्थान परमेश्वरास अमंगल वाटले नाही, ते अमंगल ठरविण्याचा अधिकार जीवास कोठून आला, याचे उत्तर विटाळ पाळणाऱ्या अनुयायाने द्यावयास हवे.

लीळाचरित्रात विटाळाचा प्रश्न स्वामींपुढे आला आहे आणि स्वामींनी त्याचा निरास स्वच्छ शब्दांत केला आहे. देहाच्या नऊ द्वारांतून जसे मळ स्रवतात, तसाच हाही देहाचा एक धर्म. त्याने मनुष्य अपवित्र होत नाही, असा त्या निरूपणाचा आशय. तेराव्या शतकात हे सांगितले गेले. तरीही आज अनेक घरांत बाळंतिणीस काळोख्या कोपऱ्यात, जुन्या गोधडीवर ठेवतात आणि दहा दिवस तिला शिवत नाहीत. नेमक्या याच दिवसांत तिला रक्तस्राव होत आहे काय, ताप भरला आहे काय, हे कोणी जवळ जाऊन पाहण्याची गरज असते. जो आचार पाहणाऱ्यासच दूर ठेवतो, तो शुद्धीचा नसून संकटाचा आचार होय.

आता गर्भाचा विचार. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ शास्त्रमते अनादी आहेत. त्यांतील जीव हा मातापित्यांनी निर्माण केलेला नव्हे. देह मात्र प्रपंचाच्या द्रव्यांतून रचला जातो आणि ती रचना मातेच्या उदरात, मातेच्या द्रव्याने होते. आधुनिक वैद्यकाने या रचनेचा क्रम बारकाईने पाहिला आहे. गर्भधारणेनंतर बावीस-तेवीस दिवसांच्या सुमारास हृदयाचे स्पंदन सुरू होते. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नलिकेपासून घडतात, ती 28 व्या दिवसापर्यंत मिटून पूर्ण होते. दिवस गेले आहेत ही जाणीवही त्या वेळी स्त्रीला पुष्कळदा नसते. यावरूनच फॉलिक आम्लाची गोळी गर्भ राहण्यापूर्वीपासून घ्यावी, असे वैद्य सांगतात. नलिका उघडी राहिल्यावर घेतलेली गोळी तो दोष दूर करू शकत नाही. पुढे वार तयार होते. मातेचे रक्त आणि बालकाचे रक्त वारेत एकमेकांच्या अगदी निकट वाहते, पण सामान्यतः मिसळत नाही. पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्नरस मात्र पलीकडे जातात. या कामासाठी मातेच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते. त्यासाठी लागणारे लोह तिच्या अन्नातून आले नाही, तर तिच्या साठ्यातून जाते. आणि साठाच नसेल तर तिचे रक्त पातळ होत जाते. रक्तद्रव्य 11 ग्रॅमच्या खाली गेले की गर्भिणीस रक्तक्षय झाला असे समजतात. ते 7 च्या खाली असेल तर प्रसूतीत होणारा थोडा अधिक रक्तस्रावही प्राणावर बेततो.

हे सर्व ग्रंथात वाचणे सोपे आहे. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत ते प्रत्यक्ष उभे राहते. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचे हे उत्तरेकडील, गुजरातच्या सीमेवरचे तालुके. पश्चिमेस समुद्र, आगगाडी आणि चिकूच्या वाड्या. पूर्वेस डोंगर, विखुरलेले पाडे आणि मुख्यतः वारली समाजाची वस्ती. भात, नागली, उडीद आणि पावसाळ्यातील रानभाज्या हे तेथील अन्न. ते अन्न निकृष्ट नव्हे. नागली तर गर्भिणीस हितकर. उणीव आहे ती पुरवठ्याची. भाताचे कण संपत आले की दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी वसई, भिवंडी किंवा गुजरातेकडे निघतात. स्त्री गर्भवती असली तरी तीही जाते, कारण मजुरी जोडप्याची ठरलेली असते. गावी अंगणवाडीत तिच्या नावे शिजणारे अन्न तेथेच राहते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून 2015 पासून आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देण्याची व्यवस्था आहे. पण थाळी पाड्यावर आणि खाणारी भट्टीवर, असा प्रकार पुष्कळ वेळा होतो. तपासणीचेही तसेच. चार वेळा तरी तपासावी असा नियम. दोन होतात आणि मग वाट बदलते.

2018 ते 2020 या काळाच्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातांचा मृत्यू होत असे आणि संपूर्ण भारतात 97. महाराष्ट्राने या आकड्याचे समाधान मानण्यास हरकत नाही; मात्र सरासरी ही मुंबईच्या प्रसूतिगृहास आणि डोंगरातील पाड्यास एकाच मापाने मोजते, हे विसरू नये. 2024 च्या नोव्हेंबरात डहाणू तालुक्यातील एका तरुण गर्भवतीची प्रकृती गंभीर झाली. पुढील उपचारासाठी तिला सिल्वासाकडे नेत असता वाटेतच, रुग्णवाहिकेत, तिला मृत्यू आला. उदरातील बालकही गेले.

अशी वार्ता ऐकून भाविक माणसाच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते असे : तिचा भोग होता. हे वाक्य धर्माचे आहे असे समजले जाते, म्हणून त्याची परीक्षा करणे अवश्य आहे. जीवास कर्मफळ भोगावे लागते, हे शास्त्रास मान्यच आहे. परंतु अमुक जीवाच्या वाट्यास अमुक भोग, अमुक दिवशी, हे ओळखण्याचे ज्ञान अविद्यायुक्त जीवास नाही. सर्वज्ञ हे नाव एकासच शोभते. घटना घडून गेल्यावर भोगाचे नाव घेणारा सांत्वन करीत असेल. घडण्यापूर्वी ते नाव घेऊन जो स्वस्थ बसतो, तो मात्र नकळत सर्वज्ञपणाचा आव आणतो.

स्वामींचे स्वतःचे वर्तन काय होते, ते पाहावे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडला, ही लीळा लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. पारधी आले आणि त्यांनी आपला ससा मागितला. सशाचे प्रारब्ध काय, कोणत्या पूर्वकर्माने त्याच्यामागे कुत्री लागली, याची चौकशी स्वामींनी केली नाही. शरण आलेल्यास त्यांनी दिले नाही, आणि पारध्यांशी असे बोलले की त्यांनी हिंसाच सोडली. येथे एक आक्षेप संभवतो : ससा आपण होऊन आला, गर्भिणी कोठे आली आहे? ती येत नाही हे खरे. ती वेदना सोसते, लाजते, सासूच्या तोंडाकडे पाहते, आणि कळा सुरू झाल्यावरही घरातील पुरुष परतेपर्यंत थांबते. सशाला पाय होते, धावता येत होते. जिला तेवढेही साधत नाही तिच्यापर्यंत जाणे, हा त्या लीळेचाच विस्तार समजावा. अहिंसेचा अर्थ शस्त्र न उचलणे एवढाच असता, तर स्वामींना सशासाठी एक शब्दही बोलण्याचे कारण नव्हते.

मग जाऊन करावयाचे काय? सहाव्या-सातव्या महिन्यानंतर पायांबरोबर चेहरा व हात सुजले, डोके सतत दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब वाढला असण्याचा संभव असतो. तो 140 व 90 च्या पुढे गेला की धोका मानतात, आणि उपेक्षा झाली तर झटके येतात. झटके आलेल्या स्त्रीस भूतबाधा झाली असे समजून भगताकडे नेण्यात जी घटका जाते, तिचे मोल प्राण हेच असते. मॅग्नेशियम सल्फेटचे साधे इंजेक्शन त्या वेळी उपयोगी पडते. शहरातील वाचकाने येथे वारल्यांना अडाणी म्हणण्याची घाई करू नये. पदवी घेतलेल्या घरांतही पत्रिका पाहून शस्त्रक्रियेची वेळ ठरवितात. त्याचप्रमाणे अंगावरून रक्त जाणे, कळांपूर्वीच पाणी जाणे, बालकाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती सिकलसेल. या व्याधीत रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर मोडतात आणि सूक्ष्म वाहिन्यांत अडकून तीव्र वेदना देतात. केवळ वाहक असलेली व्यक्ती निरोगी दिसते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास व्याधी होण्याचा संभव चारात एक असतो. व्याधिग्रस्त स्त्रीस गर्भारपण अतिशय जड जाते. 1 जुलै 2023 रोजी या व्याधीच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून 2047 हे तिचे लक्ष्यवर्ष आहे. रक्त तपासणे सोपे आहे. तपासणीचा कागद विवाह जुळविताना पुढे ठेवणे कठीण. मुलीला दोष लागेल या भयाने तो पेटीत राहतो. दोष मुलीचा नाही, मुलाचाही नाही. आणि येथेही भोगाचे तेच वाक्य पुढे करून कागद झाकला जातो.

सुईणीविषयी दोन शब्द अवश्य आहेत. पाड्यावरची सुईण ही गर्भिणीच्या सर्वाधिक विश्वासातील स्त्री. तिला हिणवून पाड्यावरील प्रसूती कमी होत नाहीत. त्या लपविल्या जातात. ज्या सुईणीचा मान राखला जातो, ती स्वतः गर्भिणीबरोबर गाडीत बसते, रुग्णालयात तिचा हात धरून उभी राहते, आणि ती उभी आहे म्हणून सासू संमती देते. वार पडल्यावर किती रक्त गेले तर अधिक, हे तिने वर्षानुवर्षे पाहिलेले असते. तो रक्तस्राव थांबविणारे ऑक्सिटोसिन मात्र तिच्यापाशी नसते. प्रसूतीनंतरचे पहिले चोवीस तास याच कारणाने सर्वांत जोखमीचे.

स्थलांतरित कुटुंबांबाबत तर एक लहानशी गोष्टही पुरते. निघताना स्त्रीच्या गाठोड्यात माता-बाल संरक्षण कार्ड आहे काय, हे विचारावे. त्या कार्डावर तिचे रक्तद्रव्य, रक्तदाब, दिलेल्या लसी आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेली असते, आणि भट्टीजवळच्या कोणत्याही आरोग्य केंद्रात ते दाखविता येते. दर महिन्याच्या 9 तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत सरकारी रुग्णालयांत गर्भिणींची विनामूल्य तपासणी होते. ही योजना 2016 पासून आहे. वसई-भिवंडीकडे राहणाऱ्या अनुयायांनी त्या दिवशी जवळच्या भट्टीवर जाऊन, तेथे कोणी डहाणू-तलासरीकडची गर्भवती स्त्री आहे काय, एवढे विचारले आणि तिच्या मुकादमाकडून तिला एका दिवसाची मोकळीक मिळवून दिली, तर ती तपासणीस पोहोचते. मुकादम प्रथम नाही म्हणतो. दुसऱ्या महिन्यात पुन्हा जावे लागते.