उत्तर देणाऱ्याचा हिशेब

2002 साली ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं शोधायला जी पाहणी झाली, तिचा फॉर्म तेरा प्रश्नांचा होता. जमीन किती, घर कसलं, माणशी कपडे किती, वर्षभर दोन वेळचं पोटभर मिळतं का, घरात टीव्ही-पंखा-कुकर आहे का, कर्ज कोणाचं, कामासाठी बाहेर का जावं लागतं. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, सगळे मिळून बावन्न. जितके गुण कमी तितकं कुटुंब गरीब, आणि गरीब ठरलं तरच घरकुलाच्या वाटेवर. कमी गुण मिळवणं फायद्याचं असलेली अशी परीक्षा गावांनी पूर्वी पाहिलेली नव्हती.

गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन जेमतेम तीन वर्षांचा होता. सालेकसा, देवरीकडच्या घरात कोणी वही घेऊन आलं आणि ‘लुगडी किती?’ असं विचारू लागलं, तर घरची बाई आधी विचारणाऱ्याकडे बघणार. सोबत कोण आहे, ग्रामसेवक की अंगणवाडी सेविका? कागदावर शिक्का आहे का? मागच्या खेपेला ज्यांनी खरं सांगितलं त्यांचं काय झालं? मग ती आकडा सांगणार. संशोधनाच्या पुस्तकांत याला प्रतिसादातली त्रुटी म्हणतात. मला तो सरळ हिशेब वाटतो. आपण तिची पाहणी करत असतो त्याच वेळी ती आपली करत असते, आणि बहुतेकदा तिची पाहणी जास्त काटेकोर असते.

महसूल खात्याला हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. बांधीत धान किती झाला हे शेतकऱ्याला विचारलं, तर उत्तर साऱ्याकडे, सावकाराकडे आणि आता विम्याकडे बघून येणार. अधिकाऱ्याने नजरेने अंदाज केला, तर त्यालाही वरच्यांची मर्जी सांभाळायची असते. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940च्या दशकात पीक कापणी प्रयोगांना नमुना निवडीची शिस्त लावली. शेत चिठ्ठीसारखं नशिबानं निवडायचं, त्यातला ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, झोडायचा, वजन करायचं. कोणालाही काही विचारायचं नाही. मापानं मिळू शकतं ते प्रश्नानं मागू नये, हा धडा प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्या फार थोड्यांच्या ध्यानात राहिला.

पण माणसाचा धंदा, त्याचं पोट, त्याची मिळकत वजनकाट्यावर ठेवता येत नाही. तिथे विचारावंच लागतं. आणि खरी गोम उत्तरात नसते, ती आधीच छापलेल्या रकान्यांत असते. ‘मुख्य व्यवसाय’ हा रकाना घ्या. गोंदिया जिल्ह्यातल्या अल्पभूधारक कुटुंबाचं वर्ष कसं जातं? पावसाळ्यात रोवणी, आधी स्वतःच्या बांधीत, मग दुसऱ्याच्या. दिवाळीच्या आगेमागे हलका धान, नंतर भारी. मंडया आणि दंडारी उरकल्या की घरातलं कोणी नागपूर, रायपूर किंवा हैदराबादची वाट धरतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. ढीवराचं घर असेल तर तलावाची मासोळी. यातला मुख्य कोणता? 2011च्या जनगणनेनुसार वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असेल तो मुख्य कामगार, कमी असेल तो सीमांतिक. चार कामांत मिळून अकरा महिने राबणारी बाई एकेका कामाचा विचार करून ‘थोडं थोडं करते’ म्हणाली, तर तिचं सीमांतिक होणं दूर नाही. ‘घरीच असते’ म्हणाली, तर कामगारांच्या मोजणीतूनच गेली, मग ती दिवसभर बिड्या वळत का असेना.

हे टाळता येतं. 2019 आणि 2024 साली देशभर वेळ-वापर पाहणी झाली. तिच्यात ‘काम करता का?’ हा प्रश्न मध्यवर्ती नाही. आदल्या दिवशी पहाटे चारपासून पुढच्या पहाटे चारपर्यंत, दर अर्ध्या तासाला काय केलंत, एवढंच विचारतात. पाणी, सरपण, चूल, बिडी, म्हातारी सासू, सगळं आपोआप वर येतं. बाई तीच, जिल्हा तोच; प्रश्न बदलला की गृहिणीची कामकरीण होते. म्हणून प्रश्नावलीचा मसुदा खोलीत बसून करणाऱ्यावर माझा विश्वास नाही. आधी महिना-दोन महिने गावात राहावं, लोक दिवस कसा मोजतात ते पाहावं, आणि फॉर्म सगळ्यात शेवटी छापावा. आपल्याकडे उलटं चालतं. एम. ए., बी. एड.चा विद्यार्थी तयार प्रश्नावली उचलतो. रेन्सिस लिकर्टने 1932 साली मांडलेली ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंतची पायरी तिच्यात हमखास असते. आमगावच्या बाजारात उभ्या माणसाला ‘तटस्थ’चा उपयोग एकच: ‘बाबा, मला जाऊ द्या.’ असे शंभर तटस्थ जमले की त्यांचा आलेख होतो.

आठवणीचा प्रश्न याहून अवघड. 1999-2000च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खाण्यापिण्याचा खर्च गेल्या सात दिवसांचा आणि गेल्या तीस दिवसांचा, असा शेजारी-शेजारी विचारला गेला. लोकांनी साहजिकच एका आकड्याचा दुसऱ्याशी मेळ घातला. जुन्या फेऱ्यांशी तुलना बिघडली, आणि देशातली गरिबी किती घटली यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडले. एका रकान्याच्या रुंदीवर कोट्यवधी गरीब असतात किंवा नसतात, हे कळल्यावर टक्केवारी वाचताना हात जरा आखडतो.

आणखी एक गोष्ट घरोघरच्या फॉर्मात मावतच नाही: जी कोणाच्याही एका घराची नाही ती. जिल्ह्यात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, चौदाशेच्या आसपास आहेत. त्यांतले बरेच कोहळ्यांनी बांधलेले. ब्रिटिश बंदोबस्तात गावाचे रिवाज वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिले गेले. जळण, चराई, पाणी यांचे हक्क निस्तार पत्रकात आले. ते उत्तर गावाचं होतं. त्यात मालगुजाराचा आवाज मोठा आणि बायकांचा, दलितांचा ऐकूच न येणारा, म्हणून त्याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण ‘तलाव कोणाचा, पाणी आधी कोणाच्या बांधीत’ हा प्रश्न त्या कागदात निदान बसत होता. कुटुंबप्रमुखाला एकट्याला गाठून तो विचारता येत नाही.

अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढीवरांबरोबर केलेलं काम मला म्हणून मोलाचं वाटतं. कुठला मासा कुठल्या पाणवनस्पतीच्या आधारानं राहतो, हे ढीवरांना माहीत होतं. उत्पादनाच्या तक्त्यात फक्त किलो होते. त्या माहितीवरून बेशरम हे तण उपटून तलावांत देशी पाणवनस्पती लावल्या गेल्या. ज्यांनी सांगितलं तेच पाण्यात उतरून लावत होते. तिथे आकडा लपवून कोणाचाच फायदा नव्हता.

आता फेब्रुवारी 2027मध्ये जनगणनेचा प्रगणक मोबाइल घेऊन दारात येईल. जातीचीही नोंद होणार, तिच्यावरच सगळी चर्चा चालली आहे. मला महिन्याची काळजी वाटते. फेब्रुवारीत भारी धान मळून झालेला असतो, मोह अजून पडायचा असतो. कामाची जुनीच व्याख्या राहिली, तर अकरा महिन्यांपूर्वी वेचलेल्या मोहाचे दिवस त्या दिवशी आठवून सांगावे लागतील, आणि सांगणारा तरुण तेव्हा हैदराबादला असेल, तर त्याचा म्हातारा बाप सांगेल. इटियाडोहच्या कालव्यावरच्या गावात मात्र तेव्हा उन्हाळी धानाची धांदल असेल. कालव्यापलीकडच्या गावाशी त्याची तुलना करणाऱ्याने दोन्हीकडे प्रगणक कोणत्या तारखेला गेला, हे आधी बघावं.