यशोदेचा दाखला

आई कोणास म्हणावे, हा प्रश्न कीर्तनात निघाला तर नवल नाही. परंतु तो वकिलाच्या कचेरीत, एका छापील अर्जाच्या निमित्ताने निघेल असे मला वाटले नव्हते. बारडोलीत वकिली करू लागल्यावर मात्र असे प्रश्न नित्याचे झाले. सूरत जिल्ह्यातील ह्या तालुक्यात ज्यांचे कोणीच परदेशी नाही अशी पाटीदार घरे थोडी. अमेरिकेतील मोटेलांच्या धंद्यात सूरतेकडच्या पाटीदारांनी मिळवलेले स्थान सर्वश्रुत आहे. हिवाळ्यात ही मंडळी घरी येतात. मग लग्ने होतात, देवळांना देणग्या मिळतात, आणि वकिलांकडे कागदांची पुडकी येतात.

असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, अमेरिकेचे नागरिक. काकी आजारी पडल्या म्हणून तिकडचा व्यवसाय भागीदारावर सोपवून ते येथे येऊन राहिले होते. आईबाप त्यांच्या लहानपणीच वारले, काका-काकींनी वाढवले. मुलाला कोणी पोरका म्हणू नये म्हणून शाळेत नाव घालताना काकांनी बापाच्या जागी स्वतःचे व आईच्या जागी पत्नीचे नाव लिहिले. दत्तविधान झाले नाही. घरातल्याच मुलाला दत्तक काय घ्यायचे, असे त्यांना वाटले असावे. आता काका नाहीत, काकींना मूलबाळ नाही. गृहस्थ त्यांना ‘बा’ म्हणतात, आणि गुजरातीत बा म्हणजे आई. त्यांना परत जाणे भाग होते व बांना सोबत न्यायचे होते. शाळेचा दाखला माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, “वकीलसाहेब, आईच्या नात्याने अर्ज करू. यात खोटे ते काय आहे?”

ह्या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेने भारतीयांना वर्षाला अवघ्या शंभर जागा दिल्या होत्या. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने देशवार वाटणी मोडून कुटुंबाच्या नात्यास मान दिला. नागरिकाची पत्नी अथवा पती, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले, आणि नागरिक स्वतः एकवीस वर्षांचा झाला असेल तर त्याचे आईबाप, यांना संख्येची मर्यादा नाही. भावंडांना आहे, आणि भारतातील भावंडांना सुमारे वीस वर्षे थांबावे लागते. काका, काकी, मामा, मावशी यांना ह्या यादीत स्थानच नाही. आई म्हणजे जन्मदात्री, किंवा मूल लहान असताना कायद्याने झालेली सावत्र अथवा दत्तक आई. ज्या भाषांत चुलत, मामे, मावस, आते ह्या सर्वांच्या शेवटी ‘भाऊ’ हाच शब्द येतो, त्या भाषांच्या माणसाला ही यादी फार आखूड वाटते.

हा अर्ज कोठे द्यायचा, तेही बदलत आले आहे. परदेशी राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाला पूर्वी तो त्या त्या देशातील वकिलातीत देता येई. १५ ऑगस्ट २०११ पासून ज्या देशांत इमिग्रेशन खात्याचे कार्यालय नव्हते तेथील अर्ज शिकागोच्या टपालपत्त्याकडे वळले. भारतासाठी ते कार्यालय दिल्लीत असल्यामुळे येथील सोय काही वर्षे टिकली. १ फेब्रुवारी २०२० पासून परदेशांतील कार्यालयांनी हे अर्ज घेणे थांबवले. आता बारडोलीत बसलेल्या माणसानेही आपला अर्ज संगणकावरून किंवा टपालाने अमेरिकेसच धाडायचा. गंभीर आजार, जिवास धोका अशा निकडीच्या प्रसंगी वकिलातीने तो स्वीकारावा, एवढी अपवादाची वाट ठेवली आहे. शिवाय निर्वाहाच्या हमीसाठी अर्जदाराने आपले वास्तव्य अमेरिकेत आहे, किंवा तेथे पुन्हा राहावयास जाण्याचा आपला निश्चय आहे, असे दाखवावे लागते. जो माणूस आईची शुश्रूषा करण्यासाठी घरी परतला, त्यानेच आपले घर दुसरीकडे आहे हे सिद्ध करायचे!

तथापि ह्या बदलाला न्यायाची एक बाजू आहे, ती नाकारू नये. अर्जासाठी आता कोणाला दिल्ली गाठावी लागत नाही. सर्वांना एकच दार. दूरच्या अधिकाऱ्याला अर्जदाराचा चेहरा दिसत नाही, म्हणून ओळख, वशिला, जातपात यांचाही स्पर्श होत नाही. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी आपणच बांधली आहे. परंतु नाते ही वस्तू चेहऱ्याशिवाय कशी दिसावी? येथील घरांची रीत जाणणारा अधिकारी समोर असता तर त्याने चार प्रश्न विचारले असते. शेवटी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत होते हे खरे. पण ती जाणाऱ्याची, आणि पहिला निर्णय झाल्यावर. जन्माची नोंद नसेल तर शाळेचा दाखला आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे पुरावा ठरू शकतात. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा होऊनही खेड्यांत अशा नोंदी राहून जात. ह्या गृहस्थांचीही राहिली होती. म्हणजे खिडकी जितकी दूर गेली, तितका सत्याचा भार सही करणाऱ्यावर आणि त्याच्या वकिलावर आला.

“यात खोटे ते काय?” ह्या प्रश्नाला आपल्या परंपरेचाही आधार दिसतो. देवकी जन्मदात्री, यशोदा वाढवणारी. आणि कृष्णाच्या आईचे नाव काढताच आपल्या मुखी प्रथम यशोदाच येते. ह्या कायद्याप्रमाणे देवकीचा अर्ज मंजूर होईल, यशोदेचा नामंजूर होईल. तेव्हा कायदा अपुरा आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. मग शाळेच्या दाखल्यावर ‘आई’ म्हणून सही करण्यास हरकत कोणती?

हरकत अशी, की सत्य केवळ बोलणाऱ्याच्या मनात पुरे होत नाही. ते ऐकणाऱ्यापर्यंत सत्य म्हणून पोहोचावे लागते. युधिष्ठिराने अश्वत्थाम्याविषयी उच्चारलेले शब्द अक्षरशः खरे होते. द्रोणांनी ते कोणत्या अर्थाने घेतले हे त्याला ठाऊक होते, आणि त्या क्षणी त्याचा रथ भूमीला टेकला अशी कथा आहे. अर्जातील रकान्यात विचारणारा ‘तुम्हाला कोणी वाढवले?’ असे विचारत नाही. जन्माने किंवा कायद्याने तुमची आई कोण, असे विचारतो, आणि आपण त्या अर्थाने उत्तर दिले असेच तो समजणार. आपल्या अर्थाने खरे आणि त्याच्या अर्थाने खोटे उत्तर शपथेवर देणे, हा युधिष्ठिराचाच दोष झाला.

यावर कोणी म्हणेल, कायदाच जर चुकीचा प्रश्न विचारीत असेल, तर त्याला खरे उत्तर देण्याचे बंधन का? ह्याचे उत्तर शोधण्यास बारडोलीकराला दूर जावे लागत नाही. १९२७ साली सरकारने ह्या तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. शेतावर जाऊन नीट चौकशी न करताच आकडे मांडले, ही शेतकऱ्यांची तक्रार होती. त्यांनी उत्पन्न लपवून सारा चुकवला नाही. वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली त्यांनी उघडपणे ‘देणार नाही’ म्हटले आणि जप्ती सोसली. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे दोन अधिकारी गावोगाव फिरले. ज्या ब्रूमफील्डांनी १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती, तेच हे. त्यांनी वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आणली. यातून दोन्ही पक्षांना धडा आहे. सत्तेने दुरून कागद पाहून न्याय करू नये, तिने जवळ यावे. आणि अन्यायाची तक्रार करणाऱ्याने आपले कागद स्वच्छ ठेवावेत. शेतकऱ्यांनी आकडे लपवले असते, तर गावी आलेल्या चौकशीपुढे त्यांना काय सांगता आले असते?

मी त्या गृहस्थांना नकार दिला. खोट्या निवेदनाने अमेरिकेचे दार बांना कायमचे बंद होऊ शकते, हे व्यवहाराचे कारण मी सांगितले. खरे कारण वरचे. ते रागावले नाहीत, पण बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे माझ्या बांनी एकदा कोर्टात जाऊन मला दत्तक घेतले असते तर त्या आई झाल्या असत्या, आणि आयुष्यभर सांभाळले म्हणून नाही.” ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. कायद्याची मर्यादा मी नीतीची म्हणून त्यांच्या माथी मारली नाही, एवढेच समाधान.

पुढे आम्ही बांसाठी भेटीच्या व्हिसाचा अर्ज केला. नात्याच्या जागी ‘पुतण्या’ लिहिले. सही करण्यापूर्वी बांनी सारे वाचून घ्यायला लावले. तो शब्द आला तेव्हा त्या म्हणाल्या, “हो, दिराचाच मुलगा तो. त्याच्या आईला मी शब्द दिला होता.” तिचे नाव कागदावरून पुसले जावे असे त्यांच्या मनातही नव्हते. आपण दाखल्याने यशोदेला न्याय देऊ पाहत होतो, आणि त्या भरात देवकीला मात्र विसरलो होतो.