ही उदाहरणे कोणासाठी?



प्रायश्चित्तकाळातील आजच्या तिसऱ्या रविवारची वाचने आपण लक्षपूर्वक ऐकली असतील, तर एक गोष्ट खटकली असेल. दुसरे वाचन आणि शुभवर्तमान एकमेकांशी भांडताहेत असे वाटते. संत पौल करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला सांगतो की, मोशेबरोबर निघालेल्या आपल्या पूर्वजांपैकी बहुतेक जण वाळवंटातच पडले आणि हे सारे आपल्याला उदाहरण व्हावे म्हणून घडले. लूकच्या शुभवर्तमानात मात्र काही लोक प्रभू येशूकडे असेच एक उदाहरण घेऊन येतात. बलिदान अर्पण करणाऱ्या गालीलकरांना पिलाताने ठार केल्याची ती बातमी असते. प्रभू त्यांना विचारतो, ते लोक इतर गालीलकरांपेक्षा अधिक पापी होते असे तुम्हाला वाटते काय? आणि उत्तरही स्वतःच देतो, मुळीच नाही. एवढ्यावर न थांबता तो शिलोहातला बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांची आठवण काढतो आणि तेच पुन्हा सांगतो.

मग दुसऱ्यावर आलेले संकट हे आपल्यासाठी उदाहरण आहे की नाही? पौलाचे ऐकायचे की प्रभूचे?

या प्रश्नाचे मला एक जुने देणे आहे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, मी याच रविवारी प्रवचन दिले होते. पौलाचे वाचन घेतले आणि शुभवर्तमानाला जवळजवळ हातच लावला नाही. रविवारची मिस्सा चुकविणाऱ्यांना जागे करावे म्हणून गावातलेच एक उदाहरण दिले. एक घर हळूहळू देवळापासून दूर गेले आणि मग त्या घरावर कसा प्रसंग ओढवला, वगैरे. नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. तीन महिन्यांपूर्वी ज्यांचा तरुण मुलगा बाईकच्या अपघातात गेला होता, त्या मावशी शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. एरवी त्या मिस्साला येत नसत. त्या दिवशी मात्र आल्या होत्या.

मिस्सा संपल्यावर त्या सॅक्रिस्टीच्या दाराशी आल्या. म्हणाल्या, “फादर, तुम्ही नाव नाही घेतलं. पण सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं.” रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा काहीच दिले नसावे.

त्यानंतर पौलाचा तो अध्याय मी पुन्हा उघडला. आपण ज्याला ‘उदाहरण’ म्हणतो, तेथे मूळ ग्रीक भाषेत ‘तुपोस’ हा शब्द आहे. त्याच्या मुळाशी ठोकणे, आघात करणे असा अर्थ आहे. आघात केल्यावर जी खूण उमटते ती ‘तुपोस’. इंग्रजीतला ‘टाइप’ हा शब्द त्यावरूनच आला. ज्यांनी जुना टाइपरायटर वापरला आहे त्यांना हे पटकन कळेल. किल्ली दाबली की खिळा फितीवर आपटतो आणि कागदावर अक्षर उमटते. मिस्साच्या पातळ भाकरीवर क्रूसाची आकृती असते, तीही तापलेल्या साच्यात दाबूनच उठवलेली असते. म्हणजे ‘तुपोस’ म्हणजे दुरून पाहून शिकण्याची गोष्ट नव्हे. ज्याच्यावर आघात होतो, त्याच्याच अंगावर तो उमटतो.

हाच शब्द नव्या करारात आणखी एके ठिकाणी आहे, आणि तो तेथे पाहून मी थबकलो. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी संत थोमा घरी नव्हता. इतरांनी प्रभूला पाहिल्याचे सांगितले तेव्हा तो म्हणाला की, खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही. त्या व्रणांसाठी योहानाने वापरलेला शब्द ‘तुपोस’ हाच आहे. सेमिनरीत ग्रीक शिकताना हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचले होते. पण शब्दकोशातला अर्थ पाठ केला आणि पुढे गेलो होतो.

पवित्र शास्त्रातील दैवी नमुन्यांविषयी ख्रिस्तसभेची शिकवण तशी आपल्या परिचयाची आहे, तिचे नाव माहीत नसले तरी. पौल रोमकरांस लिहिताना आदामाला येणाऱ्या ख्रिस्ताचा नमुना म्हणतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात नोहाच्या काळचा जलप्रलय स्नानसंस्काराशी जोडलेला आहे. स्वतः प्रभूने योनाचे माशाच्या पोटातील तीन दिवस आणि आपले थडग्यातील दिवस यांची सांगड घातली. पास्काच्या जागरणविधीत इतर वाचने कमी करता येतात; परंतु तांबडा समुद्र ओलांडल्याचे वाचन कधीही गाळता येत नाही. पाण्याला आशीर्वाद देतानाही जलप्रलय, समुद्र आणि यार्देन नदी या साऱ्यांची आठवण आपण करतो. मिस्साच्या पहिल्या महाप्रार्थनेत हाबेल, अब्राहाम आणि मलकीसदेक यांची नावे येतात. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात १२८ ते १३० या कलमांत हे थोडक्यात दिले आहे. जिज्ञासूंनी अवश्य वाचावे.

येथे एक सावधगिरी हवी. ‘दैवी नमुना’ म्हटले की माझ्यासारख्या तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला लगेच प्लेटो आठवतो. त्याच्या मते खरी, परिपूर्ण रूपे वेगळ्याच जगात असतात आणि आपल्या भोवतीच्या वस्तू म्हणजे त्यांच्या फिकट प्रतिकृती. इब्री लोकांस पत्रात, मोशेला डोंगरावर दाखविलेल्या नमुन्याप्रमाणे निवासमंडप उभारावयास सांगितल्याचा उल्लेख येतो, तेव्हा तसा भास होतो खरा. पण बायबलचे बहुतेक नमुने वर लटकलेले नाहीत, ते इतिहासात घडलेले आहेत. गुलाम माणसे पळाली, तहानेने व्याकूळ झाली, कुरकुरली, मेली. ते खरे होते म्हणूनच त्यांचा ठसा पुढे उमटू शकला. जुना करार टाकून देणारे लोकही होऊन गेले. दुसऱ्या शतकात मार्सियनने तेच केले आणि ख्रिस्तसभेने त्याला नाकारले.

आता करिंथकडे वळू. दोन बंदरांमधले हे श्रीमंत शहर. तेथील काही ख्रिस्ती माणसे स्वतःच्या ज्ञानावर भलतीच खूश होती. मूर्ती म्हणजे काहीच नाही हे आम्हाला ठाऊक आहे, तेव्हा मूर्तींच्या देवळात जेवायला बसलो तर काय बिघडले? आमचा स्नानसंस्कार झाला आहे, आम्ही प्रभूच्या मेजावर जेवतो, आम्हाला कसली भीती? पौलाची वाळवंटाची गोष्ट या लोकांसाठी आहे, आणि ती तो फार हुशारीने सांगतो. सुरुवातीच्या चार ओळींत तो ‘सर्व’ हा शब्द पाच वेळा वापरतो. सर्व मेघाखाली होते, सर्व समुद्रातून गेले, सर्वांना मोशेमध्ये स्नान घडले, सर्वांनी एकच आत्मिक अन्न खाल्ले, सर्वजण एकाच आत्मिक खडकातून प्याले, आणि तो खडक म्हणजे ख्रिस्त होता. म्हणजे त्यांनाही त्यांच्या परीने स्नानसंस्कार होता, त्यांनाही कम्युनियन होते. आणि तरी त्यातल्या बहुतेकांविषयी देव संतुष्ट नव्हता.

बंधुभगिनींनो, हे कोणाला लागू पडते ते पाहा. करिंथच्या बाजारात फिरणाऱ्या परक्यांना नव्हे, मंडळीत न येणाऱ्यांनाही नव्हे. जे नियमित येतात, रांगेत उभे राहून प्रभूचे शरीर स्वीकारतात आणि म्हणून आपले पाय घट्ट आहेत असे समजतात, त्यांना. मूळ शब्दच मुळी ‘आपले नमुने’ असे आहेत. जो उभा आहे असे समजतो त्याने पडणार नाही याची काळजी घ्यावी, असे पौल शेवटी म्हणतो तेव्हा त्याचे डोळे पुढच्या बाकांवर असतात. मी मात्र त्या रविवारी तेच वाचन उचलून शेवटच्या बाकावर फेकले होते. वेदीजवळ उभा असलेला मी त्या उदाहरणात कोठेच नव्हतो.

त्यात एक साधी तर्काची चूकही होती, आणि ती आपण सगळेच करतो. पाऊस पडला की अंगण ओले होते. म्हणून अंगण ओले दिसले की पाऊसच पडला असे म्हणता येईल का? कोणी नळ उघडा ठेवला असेल. पाप माणसाचा नाश करते हे खरे. त्यावरून जेथे नाश दिसेल तेथे पाप शोधत सुटावे असे ठरत नाही. शिलोहाच्या बुरुजापाशी प्रभूने ही उलटी वाट बंद केली. पण लगेच तो पुढे म्हणतो की, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. म्हणजे उदाहरण त्याने पुसून टाकले नाही, त्याची दिशा बदलली. बातमी घेऊन आलेल्यांच्या हातातून काढून त्यांच्याच छातीवर ठेवले. प्रभू आणि पौल येथे एकाच सुरात बोलताहेत.

ही दिशा चुकली की काय होते याला इतिहास साक्षी आहे. दुसऱ्या शतकात सार्दीसचा बिशप मेलितो याने पास्काविषयी एक सुंदर प्रवचन लिहिले. जुन्या करारातील घटनांना त्याने शिल्पकाराच्या कच्च्या नमुन्याची उपमा दिली. ते वाचताना मन भरून येते. पण त्याच प्रवचनात पुढे तो साऱ्या इस्रायलवर देवाला मारल्याचा आरोप ठेवतो. पौलाने ‘आपले पूर्वज’ म्हटले होते; येथे ते ‘ते लोक’ झाले. पुढे अनेक शतके असल्या भाषेची किंमत यहुदी लोकांनी मोजली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले की, प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही.

पितळी सर्पाचीही अशीच गोष्ट. गणनाच्या पुस्तकात, सर्पदंश झालेले लोक त्याच्याकडे पाहून वाचतात आणि योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू त्यात आपल्या क्रूसाचा नमुना पाहतो. मधल्या काळात काय झाले ते आपण सहसा वाचत नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे की, लोक त्या सर्पापुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्किया राजाने त्याचे तुकडे केले. देवाने दिलेला नमुनासुद्धा कधी कधी फोडावा लागतो!

मग देवाची स्वतःची रीत कोणती? आजच्या पहिल्या वाचनात ती आहे. जळत्या झुडपातून देव मोशेशी बोलतो तेव्हा इस्रायलच्या पापांचा हिशेब मांडत नाही. आपल्या लोकांचे हाल आपण पाहिले आहेत, त्यांचा आक्रोश ऐकला आहे, त्यांचे क्लेश आपण जाणतो आणि त्यांना सोडवायला आपण खाली उतरलो आहोत, असे तो सांगतो. पाहणे, ऐकणे, जाणणे, उतरणे. हा ठसा उत्पत्तीपासून पुढे पुन्हा पुन्हा उमटतो आणि सर्वात खोल तो खिळ्यांच्या जागी उमटला. दुसऱ्यावर आलेल्या आघाताकडे बोट दाखवून देवाने धडा शिकवला नाही. आघात त्याने आपल्या पुत्राच्या हातांवर घेतला.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या घरी गेलो. त्या ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. क्षमा मागितली तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली आणि आत जाऊन चहा ठेवला. मग कपाटावरचा मुलाचा फोटो आणून माझ्या हातात दिला, आणि तासभर त्या त्याच्याविषयी बोलत राहिल्या. त्याला काय आवडायचे, कोणत्या मास्तरांचा मार खाल्ला, पहिल्या पगारातून घरी काय आणले. बायबल माझ्या पिशवीत होते. ते मी बाहेर काढले नाही. निघताना त्या म्हणाल्या, “त्याच्या नावानं एक मिस्सा ठेवा, फादर. मी येईन.”

शुभवर्तमानाच्या शेवटी अंजिराच्या झाडाची गोष्ट आहे. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक ते तोडायला सांगतो. माळी म्हणतो, यंदा राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. आपल्यापैकी ज्यांच्या वाड्या आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. आळे करायला वाकावे लागते आणि शेणखताने हात भरतात. मालकाने काय उत्तर दिले, पुढल्या वर्षी फळ धरले का, ते लूक सांगत नाही.

या आठवड्यात लहान समूहांच्या प्रार्थनासभांसाठी करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय आणि लूकचा तेरावा अध्याय घ्यावा. दोन्ही वाचून झाल्यावर प्रत्येकाने थोडे बोलावे. मात्र स्वतःविषयीच बोलावे, गावातल्या दुसऱ्या कोणाचेही उदाहरण देऊ नये. समूहप्रमुखांनी हे पथ्य सांभाळावे. ज्यांच्या घरी या वर्षी मृत्यू झाला आहे अशा घरांची नावे कृपया माझ्याकडे द्यावीत. येत्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर मी त्या घरी जायला सुरुवात करीन.

आपला धर्मगुरू