पाचवं कारण

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पीएचडीची दोन पत्रं माझ्या हातात होती, एक पिट्सबर्गचं आणि एक कोलोराडोतल्या गोल्डनचं. दोन्हीकडे फी माफ, वर विद्यावेतन. पिट्सबर्गला वर्षाला चार हजार डॉलर जास्त, पण मार्गदर्शक तिथे गेल्यावर ठरणार होता. गोल्डनला पोलादाच्या घनीभवनावर काम करणाऱ्या प्राध्यापिकेने स्वतःच्या प्रकल्पात रिसर्च असिस्टंटशिप देऊ केली होती. मी पुण्यात धातुशास्त्र शिकते आणि घनीभवन हाच माझा आवडीचा विषय.

वहीत रकाने आखले: नाव, पैसा, पुढची नोकरी. सगळे रकाने फळाचेच निघाले. आजीच्या मांडीवर बसून गीता पाठ केलेली मी तिथेच अडखळले. फळावर आपला अधिकार नाही, तर निवड कशाच्या आधारावर करायची? फळाकडे न पाहता निवडणं म्हणजे डोळे मिटून चिठ्ठी उचलणंच नव्हे का?

'गीतारहस्य' उघडलं. टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलं. १९१४ साली सुटका झाली तेव्हा हस्तलिखित सरकारच्या ताब्यात राहिलं. ते परत मिळून ग्रंथ छापून निघाला १९१५ साली. टिळकांचं म्हणणं असं, की सोडायची ती फळाची आसक्ती. हेतू आणि विचार सोडायचा नाही. माझी अर्धी शंका तिथे फिटली.

उरलेली गीतेच्या अठराव्या अध्यायात फिटली. कोणतंही कर्म घडायला तिथे पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना तऱ्हेच्या क्रिया आणि पाचवं दैव. अधिष्ठान म्हणजे देह, असा अर्थ शंकराचार्य करतात. माझ्या वहीतले तिन्ही रकाने पाचव्या कारणाच्या हातातले होते. पहिल्या चारांबद्दल मी काही विचारलंच नव्हतं.

बाबा शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर आहेत. त्या रात्री फोनवर ते म्हणाले, "पोरी, रस ओतला की साचा फोडेपर्यंत आत काय झालंय ते कुणालाच दिसत नाही. पण वाळू चाळायची, साचा वाळवायचा, रसाचं तापमान बघायचं, हे आपल्याच हातात असतंय की."

मग मी नवे रकाने आखले. तिथल्या थंडीत माझ्या दम्याचं काय होईल? भट्टी आणि सूक्ष्मदर्शक आठवड्यातून किती तास मिळतील? मार्गदर्शक विद्यार्थ्यांना कितीदा भेटतात? प्रयोग सहा महिने फसत राहिला, तर तिथे सातव्या महिन्यात मी पुन्हा भट्टी पेटवीन का? दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांशी बोलले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गोल्डनसाठी लगेच 'हो' आलं. पिट्सबर्गसाठी देता येईना, कारण तिथलं काम काय असेल हेच मला ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट राहिली होती. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या सामायिक ठरावानुसार आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याचं बंधन नसतं. मैत्रीण म्हणाली, "असू दे की दोन्ही तोवर." पण मी अडवून ठेवलेल्या जागेमागे प्रतीक्षायादीतलं कुणीतरी रोज ईमेल उघडून बघत असणार. नको असलेलं फळ मुठीत धरून ठेवणं हीसुद्धा आसक्तीच. अठरावा अध्याय सुरू होतो तोच संन्यास आणि त्याग यांतला फरक विचारणाऱ्या अर्जुनाच्या प्रश्नाने. कर्म न सोडता फळ सोडणं म्हणजे त्याग, हे उत्तर मला पाठ होतं. ते करायची वेळ आता आली होती.

२९ मार्चला मी पिट्सबर्गला आभाराचं आणि नकाराचं पत्र पाठवलं, मग गोल्डनला होकार कळवला. व्हिसाची मुलाखत अजून व्हायची आहे. ते पाचव्या कारणाकडे. मी प्राध्यापिकेने पाठवलेले शोधनिबंध वाचायला घेतले आहेत.